दुसरा चौकोन

मंगळवारी सकाळी नर्सबाई आल्या. त्यांनी बाळाला झोळीत घालून काट्याला लटकवलं, आकडा वहीत लिहिला, "पितोय चांगला," म्हणाल्या आणि पिशवीतून एक छापील कागद काढून सुनेच्या हातात ठेवला.

"शनिवारी येते. नाव भरून ठेवा. कोरा कागद मी पुढे पाठवत नाही, आणि एकदा गेलेलं नाव परत आणत नाही. मागाहून बदलायचं म्हणाल, तर कचेरीचे उंबरे तुमचे तुम्ही झिजवा."

शनिवार चार दिवसांवर होता. या घराला चार दिवस म्हणजे पुष्कळ. चार दिवसांत ही माणसं कठीण मुरमातून आठ हात खाली जातात. पण विहीर खोदताना सगळ्यांचे घाव एका जागी पडतात. नावाच्या बाबतीत तसं नव्हतं.

आणि गंमत अशी, की दोन्ही नावं एकाच माणसाची होती. बाळाचा आजोबा विहिरी खोदणाऱ्यांचा मुकादम. त्याचा धाकटा भाऊ चार वर्षांपूर्वी तापानं गेला. तीस वर्षं विहिरीत उतरलेला माणूस, त्याला कुठल्या विहिरीनं ओरखडा काढला नाही. गेला तो खाटेवर, पांघरूण घेऊन. मुलगा झाला तर त्याचंच नाव ठेवायचं, हे घरात केव्हाच ठरलं होतं. ठरलं नव्हतं ते एवढंच, की त्याचं नाव कोणतं. आयुष्यभर सगळे त्याला 'रतू' म्हणाले. कागदावर तो 'रत्नाकर' होता. आता बाळाच्या आजोबाला कागदावर रतू हवा होता आणि बाळाच्या बापाला रत्नाकर.

"रत्नाकर कोण?" मुकादम म्हणाला. "पन्नास वर्षं मी त्याच्या शेजारी बसून जेवलो. मला कधी भेटला नाही."

"नाव काकाचंच आहे, आबा."

"ते त्याला मेल्यावर लागलं. दाखला काढायला."

म्हातारी, म्हणजे मुकादमाची बायको, चुलीपाशी बसून हसली. मुलगा हसला नाही.

मुलाचं नाव बारक्या. हे एकदा सांगून टाकलेलं बरं, कारण त्याला बघितल्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. दारातून आत येताना तो मान वाकवतो आणि खांदे तिरके करतो. जी पहार दुसऱ्याला दोन हातांनी पेलवत नाही, ती तो काठीसारखी काखेत मारून चालतो. त्याचं नाव ऐकून नवीन माणूस आधी त्याच्या मागे बघतो, मागे कुणी लहान उभा असेल म्हणून. आणि हे नुसतं हाक मारायचं नाव असतं, तर गोष्ट हसण्यावारी गेली असती. शाळेच्या दाखल्यावर बारक्या, मतदार यादीत बारक्या, लग्नाच्या नोंदीत बारक्या. याखेरीज त्याला नाव नव्हतं.

"माझ्या पोराला मी टोपणनावानं कुठं पाठवणार नाही," तो म्हणाला. "रत्नाकर. कागदावर रत्नाकर आणि घरातही रत्नाकर. कुणी रतूबितू म्हणायचं नाही."

"घरातही?" म्हातारी वळली. "अंगावर दूध ओकणाऱ्याला काय म्हणायचं मग? 'रत्नाकर, आपला लंगोट बदलू का?'"

"तसंच म्हणायचं."

"मग मला आधी डोक्यावर पदर घेऊन उभं राहावं लागेल."

सून हसली, कागद तिनं घडी न घालता देवळीत ठेवला, त्यावर पेन ठेवलं. ती नववीपर्यंत शिकलेली. घरात लिहिण्याचं काम तिचं होतं, आणि लिहिण्याचं काम ज्याचं असतं त्याला मत विचारायची पद्धत या घरात नव्हती. तीही आपण होऊन सांगत नव्हती.

सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. जिकडेतिकडे पाणी खाली गेलं होतं, आणि पाणी खाली गेलं की हे घर वर येतं. इतरांचा दुष्काळ ती यांची सुगी. म्हणून अशा दिवसांत मुकादम रस्त्यानं जाताना चेहरा मुद्दाम पाडून चालायचा. आत्ता गावविहीर चालू होती, शाळेच्या मागची. चव्वेचाळीस हात जुनी, त्यात सहा हात नवीन झालेली. तळ ओला लागायला सुरुवात झाली होती. बायका रिकामे हंडे घेऊन यायच्या, काठावरून डोकावायच्या आणि "अजून किती?" विचारायच्या. मुकादम म्हणायचा, "तिला विचारा," आणि जमिनीकडे बोट दाखवायचा.

काठावर यारी उभी होती: तीन वासे, वर कप्पी, बाजूला दोघांनी फिरवायचा लोखंडी दांडा. दांड्याच्या एका टोकाला म्हातारी, दुसऱ्या टोकाला ठोंब्या. ठोंब्या मुकादमाचा भाचा, चाळिशीचा, बिनलग्नाचा. त्याला दांडा फिरव म्हटलं की फिरवायचा, आणि थांब म्हणेपर्यंत जग बुडालं तरी थांबायचा नाही. सातवा महिना लागेपर्यंत त्याच्या जागी सून होती. आता ती दुपारी डबा घेऊन यायची आणि बाळाला घेऊन झाडाखाली बसायची. तळहातांवरचे घट्टे मऊ पडत चालले होते. बसल्याबसल्या ती ते नखानं खरवडायची.

खाली बारक्या.

आणि काठावर मुकादम. त्याचं काम बघणाऱ्याला काम वाटायचं नाही. टोपलं खाली सोडण्याआधी खालच्या माणसाला नावानं हाक मारायची. त्यानं भिंतीला पाठ लावायची आणि ओ द्यायची. ओ आली की दोर सुटायचा. नाही आली तर दोर जागच्या जागी आणि दुसरी हाक. तिसऱ्या हाकेलाही ओ नाही, तर काम बंद आणि दुसरा माणूस खाली. कारण खाली कधी हवा वाईट असते, कधी दगड सुटतो, कधी नुसतीच भोवळ येते, आणि माणूस पडल्याचं वरून दिसत नाही. मुकादमानं आजवर एक माणूस गमावला नव्हता. हे तो कधी बोलून दाखवायचा नाही. दुसरं कुणी बोललं की मात्र ऐकू आलं नाही असं दाखवून जवळ सरकायचा.

"लांब नाव तळाला पोचत नाही," मंगळवारी चहाच्या वेळी तो म्हणाला. "अर्धं भिंतीला लागतं, अर्धं परत येतं. रत्नाकर म्हणून हाक मार, खाली काय जाईल? कर, कर, कर, कर. आता रतू म्हण. रतूऽऽ. बघ. सरळ पडतं. काकाला तुझ्या पंच्याहत्तर हातांवर ऐकू जायचं."

बारक्या बशीतला चहा फुंकत होता. गुडघ्यांपर्यंत चिखल, भुवयांवर दगडाचा पांढरा भुगा.

"म्हणजे पोरानं विहिरीत उतरायचं, हे ठरलंच?"

"विहिरीत काय वाईट आहे?"

"काही वाईट नाही. पण उतरायचं की नाही ते तो ठरवेल. तुम्ही आत्तापासून त्याच्या कमरेला दोर बांधू नका."

मुकादमानं उरलेला चहा मातीत ओतला. "बांधलेला दोर कापून गेला होतास की तू. नोकरी करायला. काय झालं? जागा भरली म्हणून परत आलास. तुझा रत्नाकर तरी कुठला कलेक्टर होणार आहे?"

बारक्या उठला आणि खाली गेला. संध्याकाळपर्यंत त्यानं खालून दगड एवढे पाठवले, की ठोंब्या आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन बोलला: "मामा, त्याला चिडवू नका. दांड्याला आम्ही आहोत."

बुधवारी बारक्या पहारींना धार लावायला लोहाराकडे गेला. तो गेलेला बघून मुकादम सुनेसमोर येऊन बसला. बसण्याआधी त्यानं दाराकडे दोनदा बघितलं.

"सूनबाई, पेन आण."

"कशाला, आबा?"

"दोन अक्षरं लिहायचीत. तुझंही काम हलकं."

"आणि ते आल्यावर?"

"आल्यावर काय? एकदा लिहिलेलं खोडता येत नाही, बाई म्हणाल्या ना? मी रागावेन त्याच्यावर. तू माझ्यावर ढकल."

सुनेनं कागद आणला, त्याच्यापुढे धरला. मुकादमाला वाचता येत नव्हतं. विहिरीच्या भिंतीवर खोलीच्या खुणा करायचा तेवढीच त्याची लिपी.

"आबा, इथं दोन चौकोन आहेत."

"दोन कशाला? पोरगं तर एकच झालंय."

"एक बाळाच्या नावाचा. त्याच्या खाली बाळाच्या वडिलांच्या नावाचा."

"मग खालचा भर आधी. त्यावर तर भांडण नाही?"

सुनेनं दुपटं सारखं केलं. बाळ तिच्या मांडीवर मुठी वळून झोपलं होतं.

"त्यावरच आहे," ती म्हणाली. "वरच्या चौकोनात काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं. खालचा राहू दे म्हणाले. म्हटलं, कोरा कसा चालेल? तर म्हणाले, बघू. काल दोनदा विचारलं, दोनदा उठून बाहेर गेले. आता आबा, तुम्हीच बघा. पोराचं रत्नाकर ठेवा नाहीतर रतू ठेवा, मागे बापाचं नाव लागणारच. शाळेत लागणार, परीक्षेला लागणार, लग्नपत्रिकेत लागणार. पोरगं जिथं जाईल तिथं ते बरोबर जाणार."

मुकादमानं चौकोनावर बोट ठेवलं. बोट चौकोनापेक्षा रुंद होतं.

"बारक्यामध्ये काय वाईट आहे?" त्यानं विचारलं. पण कालच्यासारखं नाही विचारलं. उत्तर मिळेल या भीतीनं विचारलं.

"ते त्यांना विचारा."

गुरुवारी डबा उघडून सगळे झाडाखाली बसले होते, तेव्हा मुकादमानं विचारलं. सरळ विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यानं टोचूनच सुरुवात केली. "बाप स्वतःचं नाव लिहायला लाजतो म्हणे. मी काही चोराचं नाव नाही ठेवलं तुझं."

बारक्यानं घास खाली ठेवला.

"आबा, जागा भरली नव्हती."

"कुठली जागा?"

"पाणीपुरवठ्याची. व्हॉल्व्ह फिरवायची नोकरी. तीन वर्षं झाली. तुम्हाला मी सांगितलं, जागा भरली होती. भरली नव्हती. मला आत बोलावलं होतं."

म्हातारीनं पाण्याचा तांब्या हातातच धरून ठेवला.

"मोठी खोली होती. भिंतीला पन्नासएक माणसं, सगळी इस्त्रीचे कपडे घातलेली. कारकून यादी घेऊन दारात आला. एकेक नाव वाचायचा, माणूस उठून आत जायचा. माझ्या आधीचा म्हणजे पाच हात लांब नाव. मग तो म्हणाला, बारक्या. अख्खी खोली हसली. कुणीतरी म्हणालं, पाळण्यात झोपलाय, हळू हाक मारा. कारकूनही हसला. चष्मा काढून पुसला आणि परत म्हणाला, बारक्या आहे का बारक्या? मी कोपऱ्यात. एवढा मोठा. उठलो असतो तर छताला डोकं लागलं असतं. सगळे अजून हसले असते."

"मग?"

"मग तिसऱ्यांदा पुकारलं."

मुकादम त्याच्याकडे बघत होता.

"तीनदा?"

"तीनदा."

"आणि तू ओ दिली नाहीस."

"नाही दिली. त्यानं यादीवर रेघ मारली आणि पुढचं नाव घेतलं. पुढचे सगळे संपेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो. मधेच उठलो असतो तर कळलं असतं, की तो मीच."

हंडेवाल्या दोघीजणी काठावर येऊन "अजून किती?" म्हणाल्या, त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. मुकादमाचा हात ताटात होता तो तसाच वाळला. आयुष्यभर त्यानं एकच कायदा पाळला आणि पाळायला लावला, आणि त्याच्या पोटच्या पोरानं, जवळ पन्नास माणसं, डोक्यावर छप्पर, हवा चांगली, अशा ठिकाणी तीन हाका खाली जाऊ दिल्या. आणि वाया गेलेल्या त्या हाकेतलं नाव त्याच्याच घरातून गेलं होतं.

संध्याकाळी हातपाय धुताना त्यानं म्हातारीला विचारलं, "त्याचं दुसरं काही नाव होतं का गं? आधी?"

म्हातारी त्याच्या पायावर पाणी ओतत होती. ओतायची थांबली. "आता आठवण झाली होय? पुरुषोत्तम. तुम्हीच शोधलंत. गावात कुणाचं नाही असं पाहिजे म्हणून आठ दिवस डोकं खाल्लंत माझं."

"मग शाळेत बारक्या कसं लागलं?"

"ते मला विचारताय? तुम्हीच घेऊन गेलात. भर कामाचे दिवस, तुमचा भाऊ विहिरीत, वर ठोंब्या एकटा. मास्तरांनी विचारलं नाव काय, तुमचा जीव इकडे. रोज जे तोंडात यायचं ते सांगून पळत आलात. मी म्हटलं, अहो परत जा, नीट नाव सांगून या. तर म्हणालात, काय फरक पडतो, शाळाच शिकायची आहे ना."

"असं म्हणालो?"

"असंच म्हणालात. आणि मग पुरुषोत्तम म्हणायला इथं वेळ कुणाला होता? मीही नाही म्हटलं कधी." तिनं तांब्या ठेवला. "दुसरा पाय पुढे करा."

रात्रभर मुकादम झोपला की नाही, त्याचं त्याला ठाऊक. शुक्रवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी विहिरीवर गेला. ठोंब्या पोचला तेव्हा काठावर एकटाच उभा राहून ओठ हलवत होता. ठोंब्यानं विचारलं नाही. विचारणं हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी बाराच्या सुमाराला खालून भरलेलं टोपलं वर आलं. ठोंब्यानं रिकामं केलं, त्यात लोहाराकडून आणलेल्या छिन्न्या घातल्या. मुकादमानं काठावर पाय रोवले, घसा साफ केला आणि हाक मारली.

"पुरुषोत्तम!"

म्हातारीनं दांड्यावरून मान वर केली. तिच्या तोंडावर हसू येऊ लागलं होतं. पण खालून ओ आली नाही.

"पुरुषोत्तम!"

काही नाही. घणाचा आवाजही नाही. खाली बघितलं तर चिखल, अर्धवट फोडलेला दगड आणि एका बाजूला पुढे आलेला कडा. माणूस दिसत नव्हता.

आता कुणीही म्हणेल, की नेहमीची हाक मारायची होती. पण मुकादमाच्या ते ध्यानातच आलं नाही. ओ आली नाही एवढंच त्याला कळलं. त्यानं तिसरी हाक मारली, तीही तीच, आणि त्या हाकेत अक्षरं एकमेकांवर आपटून फुटली. मग त्यानं पायातल्या वहाणा फेकल्या.

"दोर दे. ठोंब्या, दोर दे इकडे."

"मामा, तुम्ही नको. मी उतरतो."

"दोर दे म्हटलं ना!"

आठ वर्षांत तो विहिरीत उतरला नव्हता. दोराच्या फासात त्यानं एक पाय घातला, दुसरा घालताना फास दोनदा निसटला. ठोंब्या एका हातानं दांडा धरून होता, कारण थांब कुणी म्हटलं नव्हतं. म्हातारी ओरडत होती, काय ते तिचं तिला कळत नव्हतं.

झाडाखालून सून उठली. बाळ तिच्या अंगावर पीत होतं. तसंच, एका हातानं त्याला छातीशी धरून, ती अनवाणी धावत आली, काठावर गुडघे टेकले आणि विहिरीत तोंड घालून ओरडली,

"बारक्याऽऽ!"

लग्न होऊन सव्वातीन वर्षं झाली होती. नवऱ्याला ती 'अहो' म्हणायची, त्याच्या मागे 'हे' म्हणायची, आणि भांडण झालं तर काहीच म्हणायची नाही.

"ओऽऽ!" खालून आली. लगेच आली.

कड्याखालून बारक्या पुढे झाला, भुवयांवर हात धरून वर बघू लागला. "काय झालं? टोपलं का येत नाही?"

मुकादम होता तिथं खाली बसला. एक पाय फासात, एक बाहेर.

बारक्याला वर घेतलं. तो काठावर आला तेव्हा चौघंही त्याच्याकडे असे बघत होते, की त्यानं आधी स्वतःच्या अंगाकडे बघून घेतलं, कुठं रक्त आहे का.

"हाक ऐकू आली नाही तुला?" मुकादमानं विचारलं.

"कुणाची?"

"तीनदा मारली. पुरुषोत्तम म्हणून."

"ती ऐकली की. मला वाटलं, वर कुणी पाहुणे आलेत. म्हटलं, आबा पाहुण्यांशी बोलतायत, तोवर टेकावं जरा. पायात दगडाची कपरी गेली होती ती काढत बसलो." तो एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला. "कोण पुरुषोत्तम?"

म्हातारी आधी हसली. मग ठोंब्या. हसताहसता म्हातारीला रडू आलं, आणि तिनं दोन्ही एकाच पदरानं पुसलं. तिनंच मग सगळं सांगितलं. आठ दिवस शोधलेलं नाव, मास्तर, भर कामाचे दिवस. बारक्या उकिडवा बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं ते नाव एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं, उसना सदरा घालून बघावा तसं, आणि मान हलवली.

"आणि मला वर हाक कुणी मारली?"

सून बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेत होती. तिच्या गुडघ्यांना माती लागली होती. "मी."

"तू?"

"मग काय करू? 'अहो' म्हणून विहिरीत ओरडू? गावातले सगळे नवरे ओ देतील."

बारक्या तिच्याकडे बघत राहिला. नंतर त्या दिवशी दगड त्यानं माणसासारखे पाठवले.

शनिवारी नर्सबाई आल्या तेव्हा कागद अजून कोराच होता. त्यांनी कपाळाला आठी घातली. "चार दिवस दिले होते. विहिरी खोदता तुम्ही, आणि एक नाव निघत नाही?"

सुनेनं पेनाचं टोपण काढलं आणि मांडीवर पाट घेऊन बसली. म्हातारी तिच्या मागून डोकावत होती. बारक्यानं मुकादमाकडे बघितलं. मुकादमानं छताकडे बघितलं.

"रत्नाकर लिही," मुकादम म्हणाला.

"आबा?"

"लिही म्हटलं ना. मी एकदा घाईनं नाव सांगितलं, ते पुरे झालं." मग नर्सबाईंना म्हणाला, "बाई, मोठ्या माणसाचं नाव बदलायचा कागद असतो का? हाच चालेल का?"

"कुणाचं बदलायचंय?"

"याचं. आधीचं आहे ते मी परत घेतो."

"तो कागद निराळा. शपथपत्र लागतं, वर्तमानपत्रात जाहिरात लागते, तीन-चार फेऱ्या होतील. दोनेक महिने धरा. तोपर्यंत हा कागद थांबणार नाही."

"चालेल. विहीर बंद ठेवतो. सोमवारी जाऊ."

मुकादम सुगीत काम बंद ठेवायचं म्हणतोय, हे ऐकून म्हातारीनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. त्यानं तो झटकला.

सुनेनं वरच्या चौकोनात सावकाश लिहिलं. र-त्ना-क-र. अक्षर तिचं गोल होतं. मग पेन खालच्या चौकोनावर नेलं, आणि वर बघितलं नाही. हात मात्र थांबवला.

"वडिलांचं नाव?" नर्सबाईंनी घड्याळ बघत विचारलं.

"बारक्या," बारक्या म्हणाला.

नर्सबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात जे यायचं ते आलं. "तुम्ही? असंच लिहायचं? कागदावर?"

"असंच. दुसऱ्या नावानं मला ऐकू येत नाही, कालच बघितलं." त्यानं बायकोकडे बघितलं. "लिही. चौकोन भरून लिही."

तिनं लिहिलं. नर्सबाईंनी कागद उचलला, रिवाजाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवला, "रत्नाकर बारक्या," आणि पुढचं आडनाव वाचेपर्यंत त्यांचं हसू आपोआप गेलं. वाचताना ते नाव इतरांच्या नावांसारखंच निघालं. त्यांनी शिक्का मारला. जाताजाता पाळण्याकडे बघून विचारलं, "घरात काय म्हणता?"

मुकादम कोपऱ्यातल्या पहारी उगाच एका रांगेत लावू लागला.

"आजोबांना विचारा," बारक्या म्हणाला. "घरातलं खातं त्यांच्याकडे."

मुकादमाची पाठ त्यांच्याकडे होती. "सांगेन," तो म्हणाला. "जरा दिवस जाऊ देत. त्याच्याकडे बघून सांगेन." आणि पहारी खांद्यावर घेऊन बाहेर पडला.

विहिरीवर पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. तळात रात्रीतून घोटाभर पाणी जमलं होतं आणि बायका काठावर गर्दी करून एकमेकींना ते दाखवत होत्या. ठोंब्यानं कप्पीत दोर ओवला. बारक्यानं फासात पाय घातले, दोर दोन्ही हातांनी ताणून बघितला आणि काठावरून अंग आत सोडलं. त्याचं डोकं काठाच्या पातळीला आलं, तेव्हा मुकादमानं हात वर करून दांडा थांबवला आणि वाकला. हंडेवाल्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यानं विचारलं,

"खाली हाक मारायला बारक्या म्हणू ना रे?"

बारक्यानं त्याच्याकडे बघितलं. म्हाताऱ्याचे डोळे दगडाचा भुगा गेल्यासारखे ओले होते, काम सुरू व्हायच्या आधीच.

"म्हणा," तो म्हणाला आणि खाली गेला.